नॉझल सहा आणि आठ का छापत नाहीत?

घरी जुळवलेल्या इंकजेट प्रिंटरने पहिली तिरकी रेघ छापली आणि तिच्यात दोन जागा कोऱ्या राहिल्या, की बहुतेकांचा हात आधी टिश्यू पेपरकडे जातो. नॉझल तुंबले असणार असे समजून कार्ट्रिज पुसले जाते, ओल्या फडक्यावर टेकवून ठेवले जाते. हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उन्हात शाई खरोखरच लवकर वाळते, त्यामुळे हा संशय खराही वाटतो. पण कोऱ्या जागा नेमक्या सहाव्या आणि आठव्या नॉझलच्या असतील आणि बाकीच्या रेघेतले ठिपकेही जागा बदलून बसलेले असतील, तर शाईकडे वळण्याआधी सर्किटचा कागद उलगडावा. तारांच्या क्रमात चूक असेल, तर ती नेमक्या कोणत्या दोन तारांत आहे, हे त्या रेघेवरूनच सांगता येते.

हैदराबादच्या कुकटपल्ली भागात असे प्रयोग करणाऱ्यांची सोय चांगली आहे. जेएनटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ इथेच आहे, बालानगरची सीआयटीडी ही टूल डिझाइनची केंद्रीय संस्था शेजारी आहे. नांदेड-लातूरकडून शिकायला आलेली मराठी मुले केपीएचबी कॉलनीत खोली घेऊन राहतात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी हाताने बनवायचे ठरवतात. सुटे भाग हवे असतील तर मेट्रोच्या लाल मार्गाने उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकाला उतरून कोठीतली गुजराती गल्ली गाठता येते. आयसी, आयसी बेस, झिरो पीसीबी, रिबन केबल असे सगळे सामान तिथे मिळते. अडचण सामानाची नसते. कागदावर काढलेले सर्किट आणि हातातल्या आयसीचे पाय यांची गाठ घालताना चुका होतात.

इंकजेट प्रिंटर घरी बनवता येतो, याचे श्रेय एका जुन्या निर्णयाला द्यावे लागते. १९८४ मध्ये एचपीने थिंकजेट बाजारात आणला, तेव्हा शाईची टाकी आणि शाई उडवणारे डोके एकाच कार्ट्रिजमध्ये बसवले. शाई संपली की डोक्यासकट कार्ट्रिज बदलायचे. त्यात बारा नॉझल होते आणि छपाई इंचाला ९६ ठिपक्यांची होती. त्याच घराण्यातले सी६६०२ए हे कार्ट्रिज पुढे पावत्या छापणाऱ्या छोट्या यंत्रांत रुळले. २०११ मध्ये निकोलस लुइस याने त्याच कार्ट्रिजसाठी ‘इंकशील्ड’ हा आर्दुइनो या छोट्या कंट्रोलरवर बसणारा बोर्ड तयार केला. नेदरलँड्सच्या यव्हो डी हास याने २०१४ मध्ये ‘प्लॅन बी’ हा पावडरवर द्रव फवारून त्रिमितीय वस्तू घडवणारा प्रिंटर बांधला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. आज कॉलेजातले बरेच इंकजेट प्रोजेक्ट याच वाटेने जातात.

या कार्ट्रिजचे काम समजले की सर्किटमधली चूक किती महागात पडू शकते, हेही समजते. प्रत्येक नॉझलमागे एक सूक्ष्म रेझिस्टर असतो, सुमारे ६५ ओहमचा. त्याला २० व्होल्टच्या आसपास दाब मिळाला की ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे सहा वॅट उष्णता होते. ही उष्णता फक्त पाच मायक्रोसेकंदांसाठी द्यायची असते. तेवढ्यात शाईचा पातळ थर उकळतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. तेच नॉझल पुन्हा उडवण्याआधी सुमारे ८०० मायक्रोसेकंद थांबावे लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या रेझिस्टरवर सहा वॅट क्षणभर जास्त टिकले, तर तो जळतो आणि नॉझल कायमचे जाते. म्हणून वायरिंग तपासताना कार्ट्रिज प्रिंटरपासून दूर ठेवावे. सगळे तपासून झाल्यावर, अगदी शेवटी ते बसवावे.

आता सर्किटकडे. आर्दुइनोच्या पाच तारा बारा नॉझलना पुरतात, कारण मध्ये सीडी४०६७ हा सोळा वाटांचा मल्टिप्लेक्सर बसवलेला असतो. ए, बी, सी, डी या चार पत्त्याच्या तारा कोणती वाट उघडायची ते ठरवतात. त्यांची किंमत अनुक्रमे एक, दोन, चार आणि आठ. पाचवी तार पाच मायक्रोसेकंदांची पल्स देते. ही पल्स निवडलेल्या वाटेने यूएलएन२८०३ या आयसीपर्यंत जाते आणि तो आयसी नॉझलचा जड प्रवाह ग्राउंडकडे ओढतो. एका यूएलएनमध्ये आठ ड्रायव्हर असतात, म्हणून बारा नॉझलसाठी दोन लागतात.

सीडी४०६७च्या चित्रात ए, बी, सी, डी एकाखाली एक नीट लिहिलेले असतात. प्रत्यक्ष आयसीवर मात्र ए दहाव्या पायाला आहे, बी अकराव्याला, बाराव्याला ग्राउंड, मग तेराव्याला डी आणि चौदाव्याला सी. हाताने सर्किट काढणारा दहा, अकरा लिहितो, बारा ग्राउंड म्हणून सोडतो आणि सवयीने सीला तेरा, डीला चौदा देऊन मोकळा होतो. कागद नीटनेटका दिसतो, तारा कागदाप्रमाणेच जोडल्या जातात, मल्टिमीटरने कागद आणि तार ताडून पाहिले तरी सगळे जुळते. चूक कागदातच असते, त्यामुळे कागदाशी केलेली कुठलीही तुलना ती पकडत नाही. ती पकडायची तर कागद डेटाशीटशी ताडावा लागतो, एकेका पायाच्या क्रमांकाने.

ही चूक छपाईत कशी दिसते, ते पाहण्यासाठी प्रिंटरकडून नॉझल एक ते बारा अशी क्रमाने उतरणारी तिरकी रेघ छापून घ्यावी. सी आणि डी यांची अदलाबदल झाली असेल, तर पहिले चार ठिपके जागेवर असतात, पण पाच ते आठ आणि नऊ ते बारा हे दोन तुकडे एकमेकांच्या जागी जातात. एकही नॉझल बंद नसते. ए आणि बी उलटे असतील तर दोन-तीन, सहा-सात आणि दहा-अकरा या जोड्या फिरतात आणि रेघेला ठरावीक अंतरावर दाते पडतात.

ए आणि डी यांची अदलाबदल सर्वांत फसवी. वाटा शून्यापासून मोजल्या जातात, म्हणून सहावे नॉझल पाचव्या वाटेवर असते. पाच म्हणजे चार आणि एक, अर्थात सी आणि ए चालू. ए आणि डी उलटे असल्याने प्रत्यक्षात सी आणि डी चालू होतात आणि बारावी वाट उघडते. तिथे काहीच जोडलेले नसते. आठव्या नॉझलचेही तेच होते. त्याची सातवी वाट मागितली की चौदावी उघडते. बाकी दहा नॉझल छापतात, फक्त दुसऱ्याची जागा नवव्याशी आणि चौथ्याची अकराव्याशी बदललेली असते. घाईत पाहणाऱ्याला फक्त दोन कोऱ्या जागा दिसतात आणि तो डोके पुसायला घेतो. सहा आणि आठ हे दोनच आकडे गेलेले दिसले, तर ए आणि डीच्या तारा आधी पाहाव्यात.

पत्त्याची तार ग्राउंडला चिकटलेली असेल तर खूण वेगळी. ए चिकटली तर सम क्रमांकाची नॉझल गप्प राहतात आणि त्यांच्या अलीकडची दोनदा उडतात. डी चिकटली तर नऊ ते बारा गप्प, एक ते चार दुप्पट. आणि पंधरावा पाय, म्हणजे इनहिबिट, कुणी मोकळाच सोडला असेल तर कधी सगळे चालते, कधी काहीच नाही, बोट जवळ नेले तरी फरक पडतो. हा पाय ग्राउंडला बांधावाच लागतो. नवशिक्यांच्या आराखड्यात तो अनेकदा राहून जातो, कारण तो ‘काही करत नाही’ असे वाटते.

यूएलएन२८०३ची गोष्ट याहून सरळ, पण तितकीच सामान्य. एक ते आठ हे पाय आत येणाऱ्या संकेतांचे आणि समोरच्या बाजूचे अठरा ते अकरा हे बाहेर जाणाऱ्यांचे. पहिल्याचे उत्तर अठराव्या पायावर मिळते. जोडणाऱ्याने अकरापासून मोजायला सुरुवात केली, तर पहिली आठ नॉझल उलट्या क्रमाने छापतात. दुसऱ्या यूएलएनचे चारच ड्रायव्हर वापरात असल्याने नऊ ते बारा ही नॉझल पूर्ण गप्प होतात, कारण त्यांच्या तारा न वापरलेल्या ड्रायव्हरांवर जाऊन बसतात. नववा पाय ग्राउंडचा. तो सुटला तर काहीच चालत नाही. दहावा पाय आयसीला वीज देण्यासाठी नसतो. तो आतल्या डायोडांचा सामाईक पाय आहे. तिथून आयसीला पुरवठा मिळतो असे समजून आखलेले सर्किट हमखास फसते.

अशा चुका शोधण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. वहीचे एक पान घ्यावे आणि चित्राकडे न पाहता, फक्त डेटाशीट समोर ठेवून, प्रत्येक आयसीच्या प्रत्येक पायासमोर लिहावे की तो कुठे जायला हवा. मग सर्किटचे चित्र घेऊन त्यात तो खरोखर कुठे गेला आहे, ते शेजारच्या रकान्यात लिहावे. दोन रकाने जिथे जुळत नाहीत, तिथे चूक आहे. चित्राची छापील प्रत काढून तपासलेली प्रत्येक रेघ रंगीत पेनाने गिरवत जावे. न रंगलेली रेघ उरली तर ती तपासायची राहिली आहे. हे काम दोघांनी मिळून केले तर उत्तम. एकाने डेटाशीटमधला क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवावे. एकट्याचा डोळा जे असायला हवे तेच वाचतो.

किकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्किट काढले असेल, तर त्यातली विद्युत नियमांची तपासणी जरूर चालवावी. मोकळे राहिलेले पाय, एकमेकांवर आदळणारे दोन आउटपुट, पुरवठा न मिळालेला आयसी, हे ती लगेच दाखवते. पण सी आणि डी यांची अदलाबदल तिला दिसत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही सारखेच इनपुट आहेत. तपासणी निर्दोष निघाली म्हणून वहीचे पान टाळू नये. चित्रात एकमेकींना छेदणाऱ्या रेघांकडेही लक्ष द्यावे. ठिपका असेल तर जोड, नसेल तर नाही. चार रेघा एकाच ठिपक्यात मिळवल्या असतील आणि छपाईत ठिपका पुसट झाला, तर अर्थच बदलतो. जोड नेहमी तीन रेघांचा काढावा.

कागद बरोबर ठरला की तारांची तपासणी. सगळे आयसी बेसमधून काढून घ्यावेत. आयसी बसलेले असताना मल्टिमीटरची बीप आतल्या भागांमुळे फसवू शकते. आयसी थेट सोल्डर केले असतील तर हे करता येत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच आयसी बेस वापरावेत. वहीतल्या पानाप्रमाणे एकेक जोड बीपने पाहावा आणि शेजारच्या पायाशी बीप वाजत नाही ना, हेही पाहावे. झिरो पीसीबीवर सोल्डरिंग खालून होते आणि चित्र वरून पाहिलेले असते. बोर्ड उलटला की डावे-उजवे फिरते. म्हणून बोर्डाच्या खालच्या बाजूलाही प्रत्येक आयसीच्या पहिल्या पायाजवळ मार्करने खूण करावी. ब्रेडबोर्ड वापरत असाल तर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्ये तुटलेल्या आहेत का, ते पाहावे. अनेक लांब ब्रेडबोर्डांत त्या अर्ध्यावर खंडित असतात आणि अर्ध्या सर्किटला ग्राउंडच मिळत नाही.

कार्ट्रिजकडे जाणारी चपटी केबल आणखी एक सापळा आहे. अशा केबली दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दोन्ही टोकांचे उघडे संपर्क एकाच बाजूला, दुसरीत विरुद्ध बाजूंना. चुकीची केबल घेतली की ती कनेक्टरमध्ये बसवताना पिळावी किंवा उलटावी लागते आणि पहिला संपर्क शेवटचा होऊन बसतो. नॉझलांचा क्रम उलटला तर अक्षरे उलटी दिसतील, एवढेच. पण सगळ्या नॉझलना २० व्होल्ट देणाऱ्या सामाईक तारेच्या जागी एखाद्या नॉझलची तार आली तर एका रेझिस्टरवर भलताच भार येऊ शकतो. केबल बदलली की बीपची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

सुटे भाग विकत घेताना होणारी एक चूक सर्किटवर ढकलली जाते. इंटरनेटवरच्या सर्किटमध्ये २एन३९०४ असतो, आपल्याकडे सहज मिळतो बीसी५४७. दोन्ही एनपीएन, काम सारखेच, पण पायांचा क्रम उलटा. सपाट बाजू समोर धरली तर ३९०४चे पाय एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि ५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. हीच तऱ्हा व्होल्टेज रेग्युलेटरची. जाड ७८०५चा पहिला पाय इनपुटचा, तर ट्रान्झिस्टरच्या आकाराच्या ७८एल०५चा पहिला पाय आउटपुटचा. मॉसफेट लागत असेल तर आयआरएफझेड४४एन आणि आयआरएलझेड४४एन यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्याला पूर्ण उघडायला गेटवर दहा व्होल्टच्या आसपास लागतात, दुसरा पाच व्होल्टवर चालतो. आर्दुइनोने थेट चालवायचा असेल तर दुसराच घ्यावा. दुकानदाराने ‘हाच चालेल’ म्हणून दुसरा भाग दिला, तर तिथेच मोबाइलवर त्याची डेटाशीट उघडून पाय पाहावेत.

कंट्रोलर बदलतानाही असेच. आर्दुइनो उनोऐवजी ईएसपी३२ लावला, की संकेत ३.३ व्होल्टचे होतात. पाच व्होल्टवर चालणारा सीडी४०६७ मात्र ३.५ व्होल्टच्या वरचा संकेतच खात्रीने ‘एक’ मानतो. मग प्रिंटर थंड सकाळी चालतो आणि दुपारी चुकतो, असे अनाकलनीय प्रकार होऊ लागतात. तारा सगळ्या बरोबर असूनही सर्किट चुकीचे असते. मध्ये ७४एचसीटी कुटुंबातला बफर टाकावा.

पुरवठ्याच्या बाजूला तीन गोष्टी पाहाव्यात. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा आर्दुइनो आणि नॉझलचा २० व्होल्टचा पुरवठा यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले हवे. वीस व्होल्टच्या तारेवरचा कपॅसिटर ३५ व्होल्टचा हवा, १६ व्होल्टचा फुगून फुटतो. पल्सच्या तारेवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर हवा. आर्दुइनो सुरू होताना त्याचे पाय काही क्षण मोकळे असतात आणि त्या काळात भरकटलेली पल्स नॉझल जाळू शकते. अनेक हौशी आराखड्यांत हा दहा पैशांचा वाटणारा रेझिस्टर नसतो आणि पहिले कार्ट्रिज त्यातच जाते. घरच्या २३० व्होल्टवर चालणारा पुरवठा स्वतः उघडून दुरुस्त करू नये. तयार, बंद अ‍ॅडॉप्टर घ्यावा.

मोटरकडच्या चुका निराळ्या असतात, पण त्यांच्यावर फार वेळ जात नाही. ए४९८८ ड्रायव्हरचा रिसेट पाय मोकळा राहतो, तो शेजारच्या स्लीपला जोडावा. मोटरच्या चार तारांतल्या कोणत्या दोन एका गुंडाळीच्या, ते मल्टिमीटरने ठरवावे. वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जातो. जुन्या प्रिंटरची कार्ट्रिज वाहणारी गाडी डीसी मोटर आणि पारदर्शक पट्टीच्या एन्कोडरसकट वापरली असेल, तर एन्कोडरच्या दोन तारा उलट्या लागताच गाडी थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने कडेला जाऊन आपटते, कारण प्रत्येक दुरुस्ती चूक वाढवतच जाते. पहिल्या चाचणीला पट्टा काढून ठेवावा.

आता वीज द्यायला हरकत नाही. आधी आयसी न बसवता पुरवठा चालू करावा आणि प्रत्येक बेसच्या पुरवठ्याच्या पायांवर योग्य व्होल्ट येतात का ते पाहावे. मग वीज बंद करून आयसी बसवावेत. कार्ट्रिजच्या जागी बारा एलईडी लावावेत, प्रत्येकीला एक किलोओहमचा रेझिस्टर, सामाईक टोक २० व्होल्टला. पाच मायक्रोसेकंदांची पल्स डोळ्याला दिसणार नाही, म्हणून चाचणीपुरता प्रोग्राममधला काळ वाढवून अर्धा सेकंद करावा. एलईडी एक ते बारा क्रमाने लागल्या पाहिजेत. सहा आणि आठ गप्प राहिल्या तर ए आणि डी, हे इथेच कळते, शाईचा थेंबही न सांडता. क्रम बरोबर आला की प्रोग्रामचा काळ पुन्हा पाच मायक्रोसेकंदांवर आणायला विसरू नये. अर्ध्या सेकंदाच्या पल्सवर कार्ट्रिज जोडले तर बाराही नॉझल एका फेरीत जळतील. एलईडी काढण्याआधी नवा प्रोग्राम चढवून त्या मंद, जवळजवळ विझल्यासारख्या झाल्या आहेत, हे पाहून घ्यावे.

कार्ट्रिज जोडण्याआधी त्याच्या प्रत्येक नॉझलचा रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून वहीत नोंदवावा. मीटरचा प्रवाह इतका कमी असतो की नॉझलला धक्का लागत नाही. बाराही आकडे एकमेकांच्या जवळपास असायला हवेत. पुढे एखादे नॉझल गप्प झाले, तर याच नोंदीचा उपयोग होतो. रेझिस्टर तुटलेला दाखवला तर तो जळाला. रेझिस्टर शाबूत आहे पण त्या जागी एलईडी लागत नाही, तर वायरिंग. रेझिस्टर शाबूत, एलईडीही लागते आणि तरी ठिपका नाही, तेव्हाच टिश्यू पेपर घ्यावा.

बारा नॉझलांवर हात बसला की काही जण एचपी ४५ या कार्ट्रिजकडे वळतात. डी हासने २०१८ मध्ये आपल्या ‘ओअ‍ॅसिस’ प्रिंटरसाठी तेच निवडले होते, आणि मालाच्या खोक्यांवर बॅच नंबर व मुदत छापणाऱ्या यंत्रांतही ते सर्रास दिसते. त्यात ३०० नॉझल असतात आणि ती २२ पत्ते व १४ गट अशा जाळीत जोडलेली असतात. जाळीच्या ३०८ जागांपैकी आठ रिकाम्या. इथेही रेघेची भाषा तीच. दोन पत्त्यांच्या तारा उलटल्या तर चूक प्रत्येक गटात, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसते. दोन गटांच्या तारा उलटल्या तर आख्खा तुकडा दुसऱ्या तुकड्याच्या जागी जातो. एवढ्या तारा झिरो पीसीबीवर ओढण्यापेक्षा छापील बोर्ड करून घ्यावा. रायदुर्गला २ मार्च २०२३ रोजी सुरू झालेले टी-वर्क्स हे नमुने बनवण्याचे केंद्र त्यासाठी जवळ आहे. कुकटपल्लीहून अमीरपेटला मेट्रो बदलली की निळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक रायदुर्गच. बोर्ड करायला देण्याआधी वहीचे पान भरून, दोघांनी वाचून, रंगवून झालेले असावे, कारण छापील बोर्डावरची सी आणि डीची अदलाबदल तांब्याची रेघ खरवडून आणि वरून तार टाकूनच दुरुस्त करावी लागते.